गोव्याहून गेलेला गेंडा आणि ड्यूररचें ठसाचित्र

आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराचें गेंड्याचें चित्र कधींच पाहिलें नाहीं, असा जुन्या छापील चित्रांचा संग्राहक विरळा. इ. स. १५१५ मध्यें न्यूरेंबर्ग येथें लाकडी ठशावरून छापलेल्या या चित्रांत एक अवाढव्य जनावर उभें आहे. त्याच्या अंगावर चिलखताच्या पत्र्यांसारख्या ढाली बसविल्या आहेत, पायांवर खवले आहेत, नाकावर शिंग आहे आणि मानेच्या मुळाशीं, खांद्यांच्या वर, पिळाचें आणखी एक लहानसें शिंग आहे. हें दुसरें शिंग सृष्टींतील कोणत्याहि गेंड्यास त्या जागीं नसतें. तरी पुढें सव्वादोनशें वर्षें युरोपांतील पंडितांच्या व सामान्य जनांच्या डोळ्यांपुढें गेंडा म्हटला कीं हेंच चित्र उभें राही.

आम्ही या चित्राकडे वळलों याचीं कारणें दोन. ज्या जनावराचें हें चित्र आहे तें गोव्याच्या बंदरांतून गेलेलें होतें, हें पहिलें. दुसरें असें कीं, या चित्राचा हातानें काढलेला मसुदा व छापील ठसा हे दोन्ही आज उपलब्ध असून दोहोंवर लेख आहेत. ते दोन लेख शेजारीं ठेवून वाचले असतां, एका कागदावरून दुसरा कागद होतांना काय गळतें व काय शिरतें, हें जितकें उघड दिसतें तितकें आम्हांस फार थोड्या ठिकाणीं दिसलें आहे. दफ्तरें चाळणाऱ्यांस हा विषय परका वाटूं नये.

प्रथम जनावराची हकीकत. २५ नोव्हेंबर १५१० रोजीं आफोंसो द आल्बुकेर्क यानें विजापूरकरांच्या हातून गोवें दुसऱ्यांदा घेतलें. त्यानंतर फिरंग्यांची नजर गुजराथच्या किनाऱ्यावर, विशेषतः दिव बंदरावर खिळली होती. तांबड्या समुद्राकडे व इराणी आखाताकडे जाणाऱ्या व्यापाराचें तें नाकें. तेथें किल्ला बांधण्याची परवानगी मिळावी म्हणून १५१४ च्या आरंभीं आल्बुकेर्कनें दियोगु फेर्नांदिश द बेझा व जाइम तैशेरा या दोघां वकिलांस नजराणे देऊन गुजराथचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याच्या दरबारीं पाठविलें. सुलतानानें किल्ल्याची गोष्ट मान्य केली नाहीं. परंतु आलेल्या वकिलांस रिकाम्या हातीं लावणें हें दरबारी रीतीस सोडून झालें असतें, म्हणून उलट नजराण्यांत त्यानें एक जिवंत गेंडा दिला. मागितली जागा, मिळालें जनावर! नकार गोड करून देण्याची ही तऱ्हा आमच्या इकडील दरबारांच्या कागदपत्रांतून वाचकांच्या परिचयाची आहेच. दिवचा किल्ला फिरंग्यांच्या पदरीं पडण्यास १५३५ साल उजाडावें लागलें, आणि तोहि मुजफ्फरशहाचा पुत्र बहादूरशहा हुमायूनाच्या स्वारीनें अडचणींत सांपडला तेव्हां.

गेंडा गोव्यास आला. असें जनावर पाळणें हा आल्बुकेर्कला नसता व्याप होता. पण पोर्तुगालचा राजा पहिला मानुएल यास दूरदेशच्या जनावरांचा मोठा षोक असल्यानें त्याच्याकडे तें रवाना करण्याचें ठरलें. ईशान्येकडील वारे धरून जानेवारी १५१५ मध्यें ‘नोसा सेन्योरा दा आझुदा’ हें जहाज मसाल्याच्या मालासह गोव्याहून निघालें. गेंड्याबरोबर त्याचा राखणदारहि गेला. त्याचें नांव फिरंगी कागदांत ‘ओसेम’ असें पडलें आहे. एखाद्या मुसलमानी नांवाचें तें फिरंगी कानांनीं ऐकलेलें रूप असावें असें आम्हांस वाटतें. मोझांबिक, सेंट हेलेना व अझोर्स बेटें असे टप्पे घेत सुमारें १२० दिवसांनीं, २० मे १५१५ रोजीं, जहाज लिस्बनला पोंचलें. रोमन बादशाहीच्या काळानंतर युरोपच्या भूमीवर जिवंत गेंडा उतरण्याचा हा पहिलाच प्रसंग होय. ही तारीख वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

लिस्बनमध्यें या पाहुण्यास प्रथम एका परीक्षेस उभें केलें गेलें. प्लिनी या रोमन ग्रंथकारानें आपल्या सृष्टिविषयक ग्रंथांत लिहून ठेवलें होतें कीं, गेंडा हा हत्तीचा जन्माचा वैरी असून झुंजीपूर्वीं तो आपलें शिंग दगडावर घांसून धार लावतो. त्या काळीं प्राचीन ग्रंथांस जें प्रामाण्य होतें तें पाहतां, राजास या वचनाची प्रचीति पाहण्याची इच्छा व्हावी हें स्वाभाविकच. मानुएलच्या पदरीं हत्ती होते. ३ जून १५१५, रविवार, या दिवशीं वाड्याजवळच्या बंदिस्त आवारांत राजा, राणी व मोठा जनसमुदाय यांच्यासमोर एक तरुण हत्ती व गेंडा समोरासमोर आणले. गेंडा पुढें सरसावला. हत्ती बिथरला व झुंज होण्यापूर्वींच पळून गेला. गेंड्याचा जय झाला आणि प्लिनीचाहि झाला.

येथें आम्हांस एक गोष्ट नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. त्यानंतर दहा वर्षांनीं, १५२५ मध्यें, हिंदुस्थानावर चालून येतांना बाबरानें पेशावरजवळ गेंड्यांची शिकार केली. हत्ती व गेंडा समोरासमोर आले तर काय होईल, हें कुतूहल त्यासहि होतें, असें तो आपल्या आत्मवृत्तांत सांगतो. माहुतांनीं हत्ती पुढें घातले तेव्हां गेंडा त्यांस सामोरा न येतां दुसरीकडे पळाला. लिस्बनला हत्ती पळाला, पेशावरला गेंडा! बाबरानें प्लिनी वाचला नव्हता. त्यानें जें पाहिलें तें लिहिलें. गेंड्यास तो ‘कर्ग’ म्हणतो, आणि त्याच्या शिंगाविषयीं, जाड कातड्याविषयीं व त्याच्या वसतिस्थानांविषयीं त्यानें जें लिहिलें आहे तें त्या शतकांतील कोणत्याहि युरोपीय वर्णनापेक्षां सरस आहे. त्या वेळीं गेंडे सिंधूच्या कांठापासून शरयूच्या तीरापर्यंत होते. आज ते मुख्यतः आसामांत व नेपाळच्या तराईंत उरले आहेत.

लिस्बनच्या झुंजीनंतर मानुएलनें हें जनावर रोमला पोप दहावा लिओ याजकडे नजराणा म्हणून पाठविण्याचें ठरविलें. यांत निव्वळ औदार्य नव्हतें. नव्या सांपडलेल्या मुलुखांवर हक्क कोणाचा, या स्पेन व पोर्तुगाल यांच्या वादांत पोपचा शब्द वजनदार होता. १२ मार्च १५१४ रोजीं त्रिश्तांव द कुन्या याच्या वकिलातीबरोबर मानुएलनें धाडलेला, कोचीनकडून आलेला एक पांढुरका हत्ती रोममध्यें मिरवत आला होता. या हान्नो नांवाच्या हत्तीनें पोपपुढें गुडघे टेकले व सोंडेनें पाणी उडवून जमावास भिजविलें, त्यामुळें सारें रोम त्याच्यावर लुब्ध झालें. त्याच वर्षींच्या ३ नोव्हेंबरच्या फर्मानानें पोपनें पूर्वेकडे जातांना लागणाऱ्या मुलुखांविषयींचे पोर्तुगालचे हक्क मान्य केले. हत्तीमुळें फर्मान मिळालें असें आम्ही म्हणत नाहीं. पण राजाचा हेतु मात्र स्पष्ट दिसतो.

डिसेंबर १५१५ मध्यें गेंडा पुन्हां जहाजावर चढला. या वेळीं त्याच्या गळ्यांत फुलांनीं सजविलेला हिरव्या मखमलीचा पट्टा होता. ज्यानें त्यास गोव्याहून धाडलें तो आल्बुकेर्क, हुद्यावरून दूर झाल्याची वार्ता ऐकून, त्याच महिन्याच्या १६ तारखेस गोव्याच्या बंदरांतच वारला. वाटेंत जानेवारी १५१६ मध्यें फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस यानें मार्सेयजवळच्या बेटावर थांबवून गेंडा पाहिला. त्यानंतर लवकरच इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर वादळांत जहाज फुटलें. गेंडा चांगला पोहतो. पण तो तक्तपोशीवर सांखळदंडांनीं जखडलेला होता. तो बुडाला. हान्नोहि फार जगला नाहीं. आजारांत त्यास सोनें घातलेलें जुलाबाचें औषध दिलें गेलें, व ८ जून १५१६ रोजीं तो मेला. त्याच्या स्मरणार्थ राफाएलनें पूर्णाकृति भित्तिचित्र काढलें होतें. तें पुढें नष्ट झालें.

आतां चित्राकडे वळूं. ड्यूरर लिस्बनला कधींच गेला नाहीं; त्यानें गेंडा पाहिला नाहीं. लिस्बनमध्यें व्हालेंतीं फेर्नांदिश नांवाचा मोरावियाकडील एक जर्मन छापखानेवाला होता. मार्को पोलोचा पोर्तुगीज तर्जुमा १५०२ मध्यें छापणारा तो हाच. त्यानें गेंडा पाहून न्यूरेंबर्गच्या मित्रांस पत्र लिहिलें. मूळ जर्मन पत्र नष्ट झालें असून त्याचें इटालियन भाषांतर फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. याखेरीज दुसऱ्या एका लेखकाचें, नांव नसलेलें, पत्र एका रेखाटनासह न्यूरेंबर्गला पोंचलें. ड्यूररनें त्यावरून शाईनें चित्र काढलें व खालीं पत्रांतील मजकूर उतरून घेतला. हा मसुदा सर हान्स स्लोन याच्या संग्रहांतून ब्रिटिश म्यूझियममध्यें आला व तेथें आजहि आहे.

मसुद्यावरील लेखाचा भावार्थ असा: मे महिन्याच्या पहिल्या तारखेस आमच्या पोर्तुगालच्या राजाकडे लिस्बन येथें हिंदुस्थानांतून असें एक जिवंत जनावर आणलें, तें इतकें नवलाचें आहे कीं तुम्हांस त्याची आकृति पाठविल्यावांचून राहवलें नाहीं, रंग बेडकासारखा, अंगावर जाड खवले, आकार हत्तीएवढा पण उंचीनें कमी, तें हत्तीचा वैरी असून दगडावर शिंग घांसतें, ग्रीक व लॅटिन भाषांत त्यास ऱ्हिनोसेरो म्हणतात आणि हिंदी भाषेंत ‘गोम्दा’.

यांतील पहिलेंच वाक्य पहावें. न्यूरेंबर्गचा नागरिक पोर्तुगालच्या राजास ‘आमचा राजा’ म्हणणार नाहीं. ड्यूररचा धनी बादशहा माक्सिमिलियन. अर्थात् हे शब्द ड्यूररचे नव्हत, लिस्बनकर पत्रलेखकाचे आहेत. ‘तुम्हांस आकृति पाठविल्यावांचून राहवलें नाहीं’ हेहि त्याचेच. पत्र गेलें, रेखाटन गेलें, पण नक्कल करणाऱ्यानें एक सर्वनाम जसेंच्या तसें ठेविल्यामुळें दोहोंचा पत्ता राहिला. जुन्या यादींतील ‘आपले घरचे’, ‘आमचे स्वामी’ अशा शब्दांवरून मूळ कागद कोणाच्या दफ्तरचा हें ज्यांनीं हुडकून काढलें असेल, त्यांस या एका शब्दाची किंमत वेगळी सांगावयास नको.

आतां छापील ठशावरील लेख. त्यांत ‘आमचा’ हा शब्द नाहीं. त्याच्या जागीं ‘पोर्तुगालचा थोर व प्रतापी राजा मानुएल’ आला आहे. आकृति पाठविल्याचें वाक्य गेलें आहे. त्याऐवजीं, येथें तें जनावर हुबेहूब दाखविलें आहे, असें ठाम विधान आहे. मसुद्यांतील बेडूक छापतांना ठिपकेदार कांसव झाला. जर्मन भाषेंत कांसवाच्या नांवांत बेडकाचें नांव आहे, त्याच्या मागें ‘ढाल’ हा शब्द लागला कीं कांसव होतें. तेव्हां हा फरक कसा घडला असेल याचा तर्क कोणीहि करील. साल १५१३ असें पडलें आहे व दिवस १ मे. गेंडा खरोखर उतरला २० मे १५१५ रोजीं, हें वर सांगितलेंच आहे. म्हणजे सालांत दोन वर्षांची व दिवसांत एकोणीस दिवसांची चूक. ड्यूररचें नांव मोठें म्हणून या तारखेवर कोणी भरंवसा ठेवील तर त्यास गोव्याहून निघण्यापूर्वींच गेंडा लिस्बनला पोंचल्याचें मान्य करावें लागेल! आणि सर्वांत मोठी गळती म्हणजे ‘गोम्दा’. छापील लेखांत हा शब्द नाहींच.

हा ‘गोम्दा’ म्हणजे आपला गेंडा, संस्कृत गण्ड वा गण्डक. अमरकोशांत गण्डक, खड्ग व खड्गी अशीं त्याचीं नांवें एकत्र दिलीं आहेत. फिरंगी लेखकहि त्या काळीं ‘गांदा’ असेंच लिहीत. ‘अबादा’ हें मलायी मूळाचें नांव त्यांच्यांत मागाहून रूढ झालें. जनावराबरोबर त्याचें नांवहि समुद्र ओलांडून गेलें, लिस्बनच्या पत्रांत शिरलें, न्यूरेंबर्गच्या मसुद्यापर्यंत पोंचलें आणि ठशाच्या उंबरठ्याशीं येऊन गळालें. मसुदा नष्ट झाला असता तर एवढा दुवाहि आपणांस दिसला नसता. छापील प्रत हातीं आली म्हणजे हस्तलिखिताचें काम संपलें, असें मानणारे गृहस्थ अद्यापि भेटतात. त्यांच्यासाठीं आम्ही हा प्रकार मुद्दाम विस्तारानें दिला आहे.

चित्रांतहि असाच प्रवास घडला. पाठीवरचें दुसरें शिंग व ढालींच्या कडांवरचे खिळ्यांसारखे ठिपके पाहून, ड्यूरर त्या सुमारास चिलखतांचे नमुने काढीत होता व चिलखतें घडविणाऱ्यांची आळी त्याच्या घरापासून लांब नव्हती, याकडे कांहीं अभ्यासकांनीं बोट दाखविलें आहे. आम्हांस हें मत ग्राह्य वाटतें. आपल्याकडे गेंड्याच्या कातड्याच्या ढाली करीत. जुन्या शस्त्रागारांत त्या अजून आढळतात. आपण गेंड्याची ढाल केली, ड्यूररनें ढालींचा गेंडा केला, एवढाच काय तो फरक.

त्याच वर्षीं आउग्सबुर्गच्या हान्स बुर्क्मायर यानेंहि गेंड्याचें ठसाचित्र कोरलें. त्या शहरांतील सावकारांच्या पेढ्यांचा लिस्बनशीं मोठा व्यवहार होता, आणि बुर्क्मायरकडेहि रेखाटन पोंचलें असावें असें चित्रावरून स्पष्ट दिसतें. त्याचा गेंडा साधा आहे. पाठीवर शिंग नाहीं, चिलखत नाहीं, कातड्याच्या घड्या आहेत. आणि पुढच्या दोन्ही पायांस दोरीचें दावें आहे. ड्यूररनें हें दावें काढून टाकलें, त्यामुळें त्याचा गेंडा रानांतला स्वतंत्र प्राणी दिसतो. बुर्क्मायरचा गेंडा कोणाच्या तरी ताब्यांतील, कोणीं तरी रोज बांधलेला व सोडलेला असा दिसतो. ओसेमची आठवण चित्रांत कोठें उरली असेल तर ती या दाव्यांत.

परंतु बुर्क्मायरच्या ठशाची आज एकच प्रत उरली आहे. ती व्हिएन्ना येथील आल्बेर्टिना संग्रहांत आहे. ड्यूररच्या चित्राच्या त्याच्या हयातींतच चार ते पांच हजार प्रती निघाल्या असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यावरून सेबास्टियान म्यून्स्टरनें आपल्या भूगोलाच्या ग्रंथांत चित्र घेतलें, कोनराड गेस्नरनें १५५१ च्या प्राणिग्रंथांत घेतलें, आणि तेथून तें शेंकडों पुस्तकांत, भांड्यांवर, पडद्यांवर व शिल्पांत पसरलें. दहा पुस्तकांत तेंच शिंग त्याच जागीं दिसलें म्हणजे वाचकास वाटे कीं दहा साक्षी मिळाल्या. वस्तुतः साक्ष एकच, आणि तीहि न पाहणाऱ्याची. एका बखरीवरून उतरलेल्या पांच बखरींस पांच पुरावे मानण्याची चूक आपल्याकडेहि झालेली आहे. नांवें घेण्याचें कारण नाहीं.

रोममध्यें तर ड्यूररच्याहि आधीं एक चोपडी निघाली होती. जोव्हान्नी जाकोमो पेन्नी नांवाच्या वैद्यानें गेंड्याच्या रूपस्वभावावर रचलेली पद्यमय चोपडी १३ जुलै १५१५ रोजीं, म्हणजे गेंडा लिस्बनला उतरल्यापासून आठ आठवड्यांच्या आंत छापली गेली. मुखपृष्ठावर गेंड्याचें ओबडधोबड चित्र आहे. हिचीहि एकच प्रत ज्ञात आहे. कोलंबसाचा पुत्र फेर्नांदो याच्या ग्रंथसंग्रहांत ती राहिली व आज सेव्हिल येथें आहे. एका दर्दी संग्राहकानें चार पानांची चोपडी क्षुद्र मानून टाकून दिली नाहीं, म्हणून ती वांचली.

ज्यांच्याकडे ड्यूररच्या ठशाची प्रत असेल त्यांच्या सोयीसाठीं एक सूचना. १५१५ च्या पहिल्या आवृत्तींत चित्राच्या वरील लेख पांच ओळींचा आहे. पुढच्या आवृत्त्यांत ओळींची मांडणी बदलते. लाकडी ठसा कालांतरानें नेदरलंडमध्यें गेला. तोंवर त्यास वाळवी लागून भोकें पडलीं होतीं व गेंड्याच्या पायांतून आडवी भेग गेली होती. ज्या प्रतींत ही भेग दिसते ती उशिराची. आम्स्टरडॅमच्या विलेम यान्सेननें १६२० नंतर त्याच जीर्ण ठशावर रंगाचा दुसरा ठसा चढवून प्रती काढल्या. त्यांतहि भेग लपलेली नाहीं.

ड्यूररचा गेंडा अखेर हटला तो दुसऱ्या एका हिंदी गेंड्यामुळें. १७४१ मध्यें एका डच जहाजाच्या कप्तानानें बंगालकडून एक मादी रॉटरडॅमला नेली. ‘क्लारा’ या नांवानें तिनें सुमारें सतरा वर्षें युरोपभर फिरून लक्षावधि लोकांस दर्शन दिलें, व १७५८ मध्यें ती लंडन येथें वारली. १७४९ मध्यें पॅरिसला ज्यां-बातिस्त ऊद्री या चित्रकारानें तिला समोर उभी पाहून पूर्णाकृति रंगचित्र काढलें. त्यांत पाठीवर शिंग नाहीं.

मुजफ्फरशहाच्या या नजराण्याचा उल्लेख असलेला गुजराथच्या दरबारचा फारशी कागद, किंवा गोव्याहून जनावरें पाठविल्याविषयींचा मोडी वा फिरंगी कागद ज्या वाचकांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं त्याची नक्कल आमच्याकडे पाठविण्याची मेहेरबानी करावी. आणि नक्कल करतांना सर्वनामेंसुद्धां जशींच्या तशीं ठेवावीं, ही विनंति.